उघड आहे म्हणे!

माझ्या अंगणात वर्षभर दर महिन्याच्या नऊ तारखेला पाऊस पडतो. जानेवारीच्या नऊला पडतो, फेब्रुवारीच्या नऊला पडतो, भर मे महिन्यात सोलापूर तव्यासारखं तापलेलं असताना तिथेही नऊला पडतो, थेट डिसेंबरच्या नऊपर्यंत. सप्टेंबर मात्र जवळजवळ कोरडा. हे मी म्हणत नाही हो, कॉम्प्युटर म्हणतो!

सोलापूरच्या पावसाची ज्यांना माहिती आहे त्यांना हसू आलं असेल. आमच्याकडे वर्षाला जेमतेम पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. त्यातून हा सप्टेंबर होता २०२५ चा. त्या महिन्यात सीना नदीला कसा पूर आला, माढा-मोहोळकडच्या गावांत पाणी कसं शिरलं, शेतातली माती कशी खरवडून गेली, ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. आणि हा महिना कॉम्प्युटरने कोरडा ठरवला.

तर झालं असं. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी एमएस्सी करते आहे. तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून एक छोटं सॉफ्टवेअर तयार केलंय. गावातल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी आणि विहिरींच्या पाण्याच्या पातळ्या त्यात भरायच्या, की ते गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढून देतं. किती पाणी आलं, किती वाहून गेलं, किती मुरलं, रब्बीला किती उरलं. कल्पना उत्तम आहे. हिवरे बाजारने पाण्याचा हिशोब करून मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवायची पद्धत घालून दिली, हे आता सर्वांना ठाऊक आहे. अटल भूजल योजनेतही गावोगावी असे ताळेबंद मांडले गेले. पोरींनी ते काम सोपं करायचा घाट घातला, याचं मला कौतुकच वाटलं.

सॉफ्टवेअरबरोबर द्यायची मराठी माहितीपुस्तिका घेऊन ती माझ्याकडे आली. छापलेली, चौसष्ट पानांची, स्पायरल बाइंडिंग केलेली. म्हणाली, "बाई, बाबा म्हणाले शुद्धलेखन तुमच्याकडूनच तपासून घे."

मी म्हटलं, "शुद्धलेखन बघू नंतर. आधी मला हे चालवून बघू दे. लॅपटॉप ठेवून जा दोन दिवस."

मी आयुष्यभर शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. अंगणात पर्जन्यमापक आहे, त्याची वही मी गेली कित्येक वर्षं नियमित लिहिते. म्हणजे सॉफ्टवेअर ज्याच्यासाठी केलं त्या माणसाच्या मी बऱ्यापैकी जवळ होते. कॉम्प्युटर भीत भीत का होईना, वापरते. (हा ब्लॉग मीच टाइप करते. नातू फक्त फोटो चढवायला लागतो.)

पुस्तिकेच्या पहिल्या अकरा पानांत भूजलाचं महत्त्व. त्यात कविता नव्हती एवढंच नशीब. पुढची पाच पानं सॉफ्टवेअर कोणत्या तंत्रज्ञानावर उभारलं आहे त्याबद्दल. मग सतराव्या पानावर एकदाचं वाक्य आलं: "आपली इनपुट फाइल योग्य स्वरूपात असल्याची खात्री करा."

योग्य स्वरूप म्हणजे कोणतं, ते पुढच्या सत्तेचाळीस पानांत कुठेही नाही! स्वयंपाकाच्या पुस्तकात "पाक योग्य झाल्याची खात्री करा" असं लिहिलं तर चालेल का? पाक एकतारी की दोनतारी ते सांगा ना. जिला ते माहीत आहे तिला पुस्तक लागत नाही, आणि जिला पुस्तक लागतं तिला तुम्ही काहीच सांगितलेलं नाही.

मी आपली माझ्या पद्धतीने वहीतल्या नोंदी भरल्या. ०१/०९/२०२५, ०२/०९/२०२५, अशा तीसच्या तीस. बटण दाबलं. काही कुरकुर न करता रंगीत आलेख आला आणि त्यात तो नऊ तारखांचा पाऊस. पोरीला फोन लावला. तिलाही तासभर उमगेना. मग कळलं, की सॉफ्टवेअर तारीख अमेरिकन पद्धतीने वाचत होतं, आधी महिना आणि मग दिवस. त्यामुळे माझा एक सप्टेंबर झाला जानेवारीची नऊ, दोन सप्टेंबर झाला फेब्रुवारीची नऊ. बारा नोंदींपैकी एकच आपल्या जागी राहिली, नऊ सप्टेंबरची, कारण तिथे दिवस आणि महिना सारखेच. आणि तेरापासून तीसपर्यंतच्या अठरा नोंदी? तेरावा महिना नसतोच, म्हणून त्या निमूटपणे टाकून दिल्या. महापुराचे दिवस नेमके त्यातच. टाकून दिल्याची टीप एका कोपऱ्यातल्या फाइलमध्ये लिहिली होती म्हणे. ती फाइल असते हेही पुस्तिकेत नाही.

मी घरबसली बाई, मला चूक दिसली आणि हसू आलं. कारण पाऊस मी डोळ्यांनी पाहिला होता. पण एखाद्या ग्रामपंचायतीत दहा वर्षांच्या नोंदी भरल्या असत्या तर? आलेख इतका गोंडस की कोणीही विश्वास ठेवावा. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. सगळ्या शिवाराचे असे अठरा दिवस गायब झाले, तर त्या ताळेबंदावरून गाव ज्वारी पेरायची की ऊस ठेवायचा ते ठरवणार!

माझी शंका एवढ्यावर थांबली नाही. मी चार दिवस लेकीकडे पुण्याला गेले होते, तेव्हाची वही कोरी आहे. कोरी जागा म्हणजे पाऊस शून्य, की नोंदच घेतली नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पुस्तिका गप्प. हवामान खात्याच्या पद्धतीप्रमाणे सकाळी साडेआठला मोजायचं आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवशीच्या नावावर लिहायचा. म्हणजे सोमवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस मंगळवारच्या खात्यात जातो. सॉफ्टवेअर कोणता दिवस धरतं? पुस्तिका गप्प. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या वहीत पाऊस इंचात आहे. तो २५.४ ने गुणून भरायचा की सॉफ्टवेअर गुणतं? पुस्तिका गप्प. भूजलाच्या महत्त्वावर मात्र अकरा पानं बोलतेय.

हे सगळं मी एका कागदावर उतरवून तिच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवलं. त्यांचा फोन आला. फार अदबीने बोलले, पण म्हणाले, "मॅडम, ही टेक्निकल गोष्ट आहे. तारखेचं फॉरमॅट वगैरे उघड आहे. वापरणाऱ्याला तेवढं बेसिक नॉलेज असतंच."

उघड आहे!

मंडळी, चाळीस वर्षांत मी या दोन शब्दांनी जितकी मुलं वर्गात मागे पडताना पाहिली तितकी दुसऱ्या कशाने नाही. गणिताचे मास्तर फळ्यावर दोन पायऱ्या गाळायचे आणि म्हणायचे, "हे तर उघडच आहे." हुशार दोघं मान डोलवायची आणि बाकीची अठ्ठावन्न त्या दोघांकडे बघून मान डोलवायची. उघड असतं ते करणाऱ्याला. त्याने ते आठ महिने उशाशी घेऊन झोप काढलेली असते. आणि या बाबतीत तर ते करणाऱ्या पोरीलाही उघड नव्हतं. तिला तास लागला!

माझं म्हणणं असं आहे, आणि ते मी जरा तावातावाने मांडणार आहे. वापरायची रीत नीट लिहिलेली नसेल तर शास्त्रीय सॉफ्टवेअर पुरं झालेलंच नाही. खिडक्या-दारं लावायची राहिली तर घर बांधून झालं असं आपण म्हणत नाही. गाण्यांचं अ‍ॅप बिघडलं तर गाणं लागत नाही, आपल्याला लगेच कळतं. मोजमापाचं, हिशोबाचं सॉफ्टवेअर चुकीचं वापरलं तरी उत्तर देतंच. दोन दशांश स्थळांपर्यंत देतं. म्हणून इथे जास्त लिहायला हवं आणि नेमकं इथेच सगळ्यात कमी लिहितात.

हे फक्त खेड्यातल्या, अर्धवट शिकलेल्या लोकांचं दुखणं आहे असं कोणी समजू नये. जनुकांच्या अभ्यासात मोठमोठ्या प्रयोगशाळांतल्या लोकांचं काय झालं ते बघा. काही जनुकांची नावं 'सेप्ट २', 'मार्च १' अशी होती. एक्सेलच्या तक्त्यात ती भरली की एक्सेल त्यांची परस्पर तारीख करून टाकायचं, २ सप्टेंबर, १ मार्च! २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासलं, तर जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली. डॉक्टरेट मिळवलेली माणसं होती ती. बेसिक नॉलेज होतं त्यांना.

दुसरी सबब ठरलेली असते: "शास्त्र अवघड आहे, ते सोपं करून कसं लिहिणार?" यावर मला आमच्या कोकणातल्या एका माणसाची आठवण होते. नांदगावचे गणेश दैवज्ञ. त्यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, 'ग्रहलाघव' लिहिलं. ग्रहगणित म्हणजे त्या काळचं सगळ्यात किचकट शास्त्र. दिवसांची संख्या लाखांत जायची, ज्या-कोटिज्यांची कोष्टकं लागायची. गणेश दैवज्ञांनी ज्या काढूनच टाकल्या. अकरा वर्षांचं, ४०१६ दिवसांचं चक्र धरून मोठमोठे आकडे आटोक्यात आणले. गावातला पंचांग करणारा जोशी डोळ्यांसमोर ठेवून हे केलेलं आहे. पुढे सतराव्या शतकात विश्वनाथ दैवज्ञांनी त्यावर टीका लिहिली, तीही नुसतं पांडित्य दाखवणारी नव्हे, प्रत्यक्ष आकडे घेऊन उदाहरणं सोडवून दाखवणारी. आणि १८६० साली केरो लक्ष्मण छत्र्यांनी युरोपातलं नवं गणित वापरून 'ग्रहसाधनाची कोष्टके' चक्क मराठीत आणली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं म्हणून का? छे! उत्तम येत होतं. कोष्टकं वापरणार कोण, ते त्यांना ठाऊक होतं. पाचशे वर्षांपूर्वी ग्रहणाचं गणित जोश्यापर्यंत पोचवता आलं, आणि आम्हाला आज तारीख कशी भरायची ते सांगता येत नाही!

आमच्या सोलापुरात तर हे रक्तातच असायला हवं होतं. सासरे चादरीच्या कारखान्यात होते. नक्षी काढणारा चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवायचा, त्या कागदावरून दुसरा माणूस जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं पाडायचा, ती ओळीने गुंफून मागावर चढायची. भोक असेल तर दोरा उचलायचा, नसेल तर नाही. नक्षीवाल्याने कागद स्पष्ट केला नाही, तर मोराची मान वाकडी व्हायची आणि अख्खा तागा वाया जायचा. सासरे म्हणायचे, नक्षीवाल्याने एकदा शिव्या खाल्ल्याशिवाय त्याला कागद काढता येत नाही. याच जकार्डच्या कार्डांची कल्पना चार्ल्स बॅबेजने आपल्या गणिती यंत्रासाठी उचलली होती. ते यंत्र पुरं बनलंच नाही. पण एडा लव्हलेस या बाईने १८४३ साली त्याच्यावरच्या एका फ्रेंच लेखाचा अनुवाद केला आणि मूळ लेखाच्या जवळपास तिप्पट लांबीच्या टिपा जोडल्या. यंत्राकडून बर्नुली संख्या कशा काढून घ्यायच्या, ते पायरीपायरीने लिहून दाखवलं. यंत्र नाही, पण ते कसं वापरायचं हे मात्र लिहून तयार! आणि आमच्याकडे यंत्र तयार, वापरायचं कसं ते "उघड आहे".

असो. भरकटले थोडी.

आपल्याकडे नीट लिहिणारं कोणी नाही असं नाही. पवईच्या आयआयटीतला 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्प बघा. रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला. सायलॅब, पायथन, लाटेक् अशा सॉफ्टवेअरांचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ. पडद्यावर सगळं इंग्रजीच राहतं, कानात मात्र मराठी, तमिळ, बंगाली, जी हवी ती भाषा. मला त्यात आवडलं ते असं: रेकॉर्डिंगच्या आधी सगळं लिहून काढतात, दोन रकाने पाडून, एकात पडद्यावर काय दिसतं आणि दुसऱ्यात काय बोलायचं. आणि ते लिखाण, ज्याला त्या विषयातलं काही येत नाही अशा नवख्या माणसाकडून तपासून घेतात! सुरुवातीलाच सांगतात, आज काय शिकणार, त्याआधी काय यायला हवं, आणि आम्ही हे कोणत्या आवृत्तीवर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर करून दाखवतोय. शेवटी घरचा अभ्यास. शाळामास्तरणीला आणखी काय हवं?

माझी एकच तक्रार. पाठ बघायला छान, पण मध्येच अडलेल्या माणसाला दहा मिनिटांत आपलं मिनिट शोधावं लागतं. छापील पानावर बोट ठेवता येतं. म्हणून "आम्ही व्हिडिओ टाकलाय की" हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. तसंच हल्लीचं नवं उत्तर, "एआयला विचारा." विचारलं मी. त्याने फार नम्रपणे, फार शुद्ध मराठीत, तारीख दिवस-महिना-वर्ष अशी भरा म्हणून सांगितलं. ठार चूक! पोरींनी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं, ते त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

आता थोडं आमच्याच जातभाईंना, म्हणजे मराठीच्या शिक्षकांना. पुस्तिकेत एके ठिकाणी होतं, "आदान संचिका निवडून निष्पादन कळ दाबा." हे वाक्य तिला कोणीतरी मराठीच्या जाणकाराने सुधारून दिलं होतं. पडद्यावर बटणावर इंग्रजीत 'रन' लिहिलंय. मोहोळचा पोरगा निष्पादन कळ शोधत बसेल संध्याकाळपर्यंत! परिभाषा मला प्रिय आहे, भूगोल शिकवताना मी 'पर्जन्यछाया' हा शब्द किती प्रेमाने शिकवला असेन. पण पडद्यावर जे लिहिलंय तेच कागदावर हवं. मराठी वाक्यरचनेत दाखवा ना, छोटी वाक्यं, एका वाक्यात एक काम, आणि काम झाल्यावर काय दिसेल तेही. मराठीपण क्रियापदात असतं, नामाला उगीच सोवळं नेसवू नका.

लिहायला कोणी बसत नाही याचं खरं कारण वेगळंच आहे, आणि ते पोरीने मला हळूच सांगितलं. तिला गुण सॉफ्टवेअरचे आहेत, निबंधाचे आहेत, पोस्टरचेही आहेत. पुस्तिकेला शून्य. ती म्हणजे पाहुण्यांनंतरची भांडी, कोणीतरी घासायचीच. म्हणून ती सगळ्यात शेवटी, सबमिशनच्या आदल्या रात्री, तिघींपैकी जिला 'नाही' म्हणता येत नाही तिच्या गळ्यात पडते. तीच म्हणाली, की 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' नावाचं एक नियतकालिक २०१६ पासून निघतंय. त्यात तपासणारे सॉफ्टवेअर स्वतः बसवून बघतात, बसवायच्या सूचना आणि वापराची उदाहरणं आहेत की नाहीत ते पाहतात, मगच लेख छापतात. मग आपल्या विद्यापीठांनी प्रकल्पाच्या शंभर गुणांतले वीस यासाठी ठेवायला काय हरकत आहे? आणि ते गुण मार्गदर्शकाने देऊ नयेत. बाहेरच्या, त्या विषयातलं काही न कळणाऱ्या माणसाने द्यावेत. शिपाई चालेल, परीक्षकांना सोडायला आलेला ड्रायव्हर चालेल. पुस्तिका हातात द्या, घड्याळ लावा.

गेले तीन आठवडे आम्ही दोघी दर रविवारी बसतोय. भूजलाचं महत्त्व अकरा पानांवरून चार ओळींवर आलं. (ते काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मी दुर्लक्ष केलं.) पहिल्याच पानावर आता माझ्या वहीतला सप्टेंबर आहे, तीसच्या तीस ओळी, जशा भरायच्या तशा, आणि त्यांतून यायला हवं ते उत्तर. तुमचं उत्तर याच्याशी जुळलं नाही तर पुढे जाऊ नका, असं ठळक अक्षरात. दुसऱ्या पानावर मिलिमीटर, सकाळचे साडेआठ, आणि कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे. टाकून दिलेल्या नोंदी आता निमूट जात नाहीत, सॉफ्टवेअर लाल अक्षरांत सांगतं. ते तिने स्वतःहून केलं. लिहिताना लाज वाटली म्हणाली, की "काही नोंदी न सांगता वगळल्या जातात" असं वाक्य लिहायचं कसं, त्यापेक्षा सॉफ्टवेअरच दुरुस्त करते.

चौसष्टाची एकोणीस पानं झालीत. परवा पहिली परीक्षा आमच्या घरातच झाली. यांना बसवलं लॅपटॉपसमोर. तिसऱ्या ओळीला अडले: "सीएसव्ही म्हणजे काय गं?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. आम्हाला ते उघड वाटलं होतं!

येत्या रविवारी मोहोळ तालुक्यातल्या एका गावाहून दोघं शेतकरी येणार आहेत, त्यांच्या पर्जन्यमापकाची वही घेऊन. त्यांच्या हातात पुस्तिका द्यायची आणि आपण काही बोलायचं नाही, असं ठरलंय. पोरीला ते जमेल. मला चाळीस वर्षांची बोलायची खोड आहे, म्हणून मी तोंडात लवंग धरून बसणार आहे.